गाडी हलकी करता करता

मंडळी, एवढ्या उकाड्यात तुम्ही एवढे जण आलात. मंडळाचा हा हॉल गणपतीतसुद्धा इतका भरत नाही. मिलिंदनं हे बघितलं असतं तर म्हणाला असता, "शर्यतीला कुठे होते रे हे सगळे?"

मला भाषण येत नाही. दांडिया बाजारात माझं विजेच्या सामानाचं दुकान आहे, तिथं गिऱ्हाइकाशी बोलतो तेवढंच माझं बोलणं. मध्येच अडखळेन. सांभाळून घ्या.

मिलिंद माझा शाळेपासूनचा मित्र. गेल्या आठवड्यात तो गेला. पोटाचा कॅन्सर. कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. आणि उशीर का झाला, तेच आज बोलायचं आहे. कारण ते एका माणसाच्या मनाला लागून राहिलं आहे.

मिलिंदला मोटारसायकलच्या शर्यतीचा नाद. घरी केबल आली, परदेशातल्या शर्यती दिसायला लागल्या आणि ह्याचं डोकं फिरलं. त्याचे पणजोबा संस्थानच्या घोडदळात होते. तो म्हणायचा, "आमच्या घरातले सगळे घोड्यावरून पडले, मी गाडीवरून पडतो." नाही, काही जणांना वाटतं तशी रस्त्यावरची हुल्लड नव्हे ती. शहराबाहेरचं मैदान, मातीचा ट्रॅक, हेल्मेट, झेंडा, सगळं रीतसर.

पण गाडी कुठली? ऑफिसला जायची तीच! शनिवारी दुपारी माझ्या दुकानामागच्या चौकात ती सोलायला घ्यायची. लाइट काढा, आरसे काढा, इंडिकेटर काढा, स्टँड काढा. साडीगार्ड मात्र सुषमावहिनी स्वतः सोडवायच्या. म्हणायच्या, "माझी जागा मीच मोकळी करते." नंबराची पाटी सरकीच्या, म्हणजे आपल्या कपाशिया तेलाच्या डब्याचा पत्रा कापून केलेली. टायर पैसेवाल्या पोरांनी एका शर्यतीत वापरून टाकलेले. रविवारी शर्यत, संध्याकाळी सगळं परत जागेवर, आणि सोमवारी वहिनींना मागे बसवून साहेब ऑफिसला!

इतरांचे भाग पुण्या-मुंबईहून यायचे. ह्याला ते कुठून परवडणार? म्हणून मिलिंदनं एक सूत्र काढलं. "ताकद विकत घ्यावी लागते रे. वजन फुकटात कमी होतं." गाडीवरनं काढण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा त्यानं स्वतःचं वजन उतरवायला घेतलं.

श्रीखंड बंद. दुसरी पोळी बंद. वहिनींना ताकीदच होती, मी मागितली तरी वाढू नकोस. वहिनी आम्हाला हसत सांगायच्या, "ह्यांचा उपास, माझं पारणं." रविवारी सकाळी आम्ही त्याला खंडेराव मार्केटात न्यायचो. तिथं एका बटाटेवाल्या काकांचा मोठा काटा होता. मिलिंद पोत्यासारखा काट्यावर उभा राहायचा आणि काका गुजरातीत ओरडायचे, "मिलिंदभाई, वळी ओछा थया!" पुन्हा कमी झालात! आणि आम्ही टाळ्या वाजवायचो.

मंडळी, आम्ही टाळ्या वाजवायचो.

एकदा तो म्हणाला, "हल्ली भूकच लागत नाही." आम्ही म्हणालो, वा, सवय झाली! कोणाच्या मनात पाल चुकचुकली का? नाही. ऑफिसात नाही, घरी नाही, त्याच्या स्वतःच्याही मनात नाही. कुठल्याही दुसऱ्या घरात माणूस असा वाळायला लागला असता तर त्याला डॉक्टरकडे नेलं असतं. आम्ही त्याला शर्यतीला नेलं.

आणि त्या शर्यतीत तो तिसरा आला. आयुष्यात पहिल्यांदा. आम्ही त्याला खांद्यावर घेतला. तो इतका हलका लागला, इतका हलका, की आम्ही हसलो. गेल्या आठवड्यात त्याच खांद्यांवर त्याला पुन्हा घेतला.

सुषमावहिनी, आता तुमच्याशी बोलतो. चारचौघांत बोलतोय, माफ करा. एकांतात तुम्ही ऐकून घेत नाही.

तो गेल्यापासून तुम्ही धड जेवलेल्या नाहीत. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी कडू घास आणला, तुम्ही तो मुलीच्या ताटात वाढलात आणि उठलात. तुमच्या नणंदेनं मला सांगितलं, तुम्ही एकच वाक्य बोलता. "माझ्या हातानं मी त्यांची पोळी कमी केली."

वहिनी, मी डॉक्टरांकडे गेलो होतो. सरळ विचारलं. ते म्हणाले, आजार आतून आधीच सुरू झाला होता. भूक आजारानं मारली, बायकोनं नव्हे. लवकर कळायला हवं होतं, हे खरं. पण ते आम्हा सगळ्यांना कळायला हवं होतं. ते ओझं आम्ही सगळ्यांनी मिळून उचलायचं आहे. तुम्ही एकटीनं नाही.

तुम्हाला आठवत असेल, हॉस्पिटलात त्याला पाण्याचा घोटही उतरत नव्हता. तरी तो तुम्हाला डबा तिथंच, त्याच्यासमोर उघडायला लावायचा. "तू जेव. मला वास तरी येऊ दे." तुम्ही भिंतीकडे तोंड करून जेवायचात. तुम्ही डबा धुवायला गेलात, तेव्हा तो मला म्हणाला, "हिला एकटीला जेवायची सवय नाही रे. मी नसेन तेव्हा बघ जरा."

सगळे मला विचारतात, गाडीचं काय करणार? गाडीबद्दल तो मला एक शब्द बोलला नाही. त्यानं मला सोपवलं ते एवढंच.

म्हणून वहिनी, आज माझ्या आईनं पिठलं-भाकरी केली आहे. इथून आम्ही जवळचे सगळे तुमच्याकडे येणार आहोत. पानं मांडणार, वाढणार आणि बसून राहणार. तुम्ही पहिला घास घेईपर्यंत आमच्यापैकी एकही जण घास घेणार नाही. माझ्या आईला साखरेचा त्रास आहे, तिला फार वेळ उपाशी ठेवू नका.

मंडळी, आता सगळे उभे राहू या. त्याच्याच गावच्या बोलीत त्याला निरोप देऊ या.

मिलिंद, आवजो.