डाव्या बरगडीखाली

नको, ते पेन आधी खिशात ठेव. ठेवलंस? बरं. आता बस — त्या स्टुलावर नको, ते डगमगतं — इकडे रेडिएटरजवळ बस, कान लाल झालेत तुझे थंडीनं. चहा नाही आता, थर्मास रिकामा झाला. काय विचारत होतास, विचाई कसा आहे? जबड्याला तार आहे. तीन आठवडे झाले, अजून तीन राहायचीय. वरचे दात आणि खालचे दात एकमेकांना बांधून टाकलेत डॉक्टरांनी. बोलायला येत नाही, चावायला येत नाही, नळीनं पितो. मी घरून भाताची पेज आणतो, पातळ, मीठ आणि थोडं तूप घालून — सुलेखा, माझी सून, तीच करून देते सकाळी कामाला जायच्या आधी, कुणासाठी म्हणून विचारत नाही. चार वाजता येईल तो, मान आणि खांदे चोळून घ्यायला. म्हणजे अर्धा तास आहे आपल्याकडे.

आणखी एक गोष्ट लिहायची म्हणतोस? हरल्यानंतरची. हं.

ते बघ, टेबलाच्या वर भिंतीवर. हो, तुझंच कात्रण आहे. काच मी बसवून घेतली, श्रीरंगच्या — माझ्या मुलाच्या — मागे लागून. फोटोत मी आहे, विचाई आहे, माझा हात त्याच्या पोटरीवर आहे. मी जन्मात कधी पेपरात आलो नव्हतो रे विक्रम. कोल्हापूरला चाळीस वर्षं तालमीत पैलवानांची अंगं रगडली, त्यांचे फोटो यायचे, खांद्यावर गदा, डोक्यावर फेटा — त्या फोटोत माझं काय असायचं, तर त्यांच्या अंगावरची चकाकी. आणि इथे, अमेरिकेत, एवढा मोठा फोटो, आणि माझं नाव, हरिबा, बरोबर छापलेलं. मी आठ पेपर आणवले. मंडळात वाटले. एक तुझ्या आईला दिला, ती म्हणाली, नाना, आमच्या विक्रमनं किती छान लिहिलंय. मी तिसरी शिकलेला माणूस, मला मराठी वाचतानासुद्धा ओठ हलवावे लागतात, इंग्रजी कुठलं. विचाईलाही येत नाही, त्यांची अक्षरं वेगळीच असतात, वेलीसारखी. आम्ही दोघं त्या कात्रणाखाली उभे राहिलो, त्यानं वर प्लास्टिकची पिवळी फुलं अडकवली — अजून आहेत बघ — आणि हात जोडले. मग मीही जोडले. फ्रँक, हे जिम ज्याचं आहे तो, तोही आला, फोटो बघितला, वरचं मोठं अक्षर वाचलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली. खाली एक बारीक ओळ आहे — दिसते तुला? — पुढचा मजकूर पान बारावर. ती ओळ कुणी वाचली नाही. पान बारा कुणी उलटलं नाही. म्हणजे आमच्यापैकी कुणी नाही.

थांब, मला माझ्या चालीनं सांगू दे. मला भरभर बोलता येत नाही.

बायको गेल्यावर श्रीरंगनं मला इथे आणलं. नेपरव्हिलला घर मोठं आहे, माणसं चांगली आहेत, पण दिवसभर घरात कोणी नसतं, आणि संध्याकाळी असतात ती इंग्रजीत असतात. दीपा, माझी नात, मी मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देते — गोड पोर आहे, तिची चूक नाही. सुलेखाचं काम इथे ऑरोराला, तर मी सकाळी तिच्या गाडीतून यायचो, दिवसभर इकडेतिकडे फिरायचो. एक दिवस या टायरच्या दुकानावरून जाताना वरून आवाज आला. दोरीवरच्या उड्यांचा. सप् सप् सप्. आणि घामाचा वास. मला काय झालं सांगू — माझ्या हातांना तेल आठवलं. जिना चढून वर आलो तर हा विचाई, सव्वीस वर्षांचा मुलगा, बाकावर बसून स्वतःची पोटरी स्वतः चोळत होता, आणि चुकीची चोळत होता. मी काही विचारलं नाही. खाली बसलो आणि त्याचा पाय मांडीवर घेतला.

त्याच्या नडग्या बघितल्या आहेस तू. हात लावला नाहीस ना कधी? लाकूड आहे. आठव्या वर्षापासून बँकॉकमध्ये लाथांच्या कुस्त्या खेळलाय — कुस्त्याच म्हणतो मी, काय ते त्यांचं नाव असेल ते. शंभरावर. इथे आला तर त्या लाथांना कोणी विचारेना, म्हणून फ्रँक म्हणाला, मुठी चांगल्या आहेत, बॉक्सिंग कर. बॉक्सिंग कर म्हणजे काय, तर पाय विसर. अठरा वर्षं जे पायांना शिकवलं ते विसर. फ्रँक त्याच्या दोन्ही घोट्यांना दोरी बांधायचा, आखूड, म्हणजे पाय उचलायला नको. मुलगा ती दोरी बांधून तासन् तास नाचायचा. एकदा मला खुणेनं म्हणाला, नाना, बैल.

पण अंग विसरत नाही रे. मी टेबलावर चोळताना बघितलं — डाव्या बरगडीखाली अंगठा दाबला की त्याचा डावा गुडघा आपोआप वर यायचा. डोळे मिटलेले, अर्धवट झोपेत, तरी गुडघा वर. त्यांच्या खेळात तिकडून लाथ आली की गुडघ्यानं अडवायची असते, ते लहानपणापासून अंगात गेलेलं. आता बॉक्सिंगमध्ये तिथे कुणी ठोसा मारला आणि याचा पाय उचलला तर? एका पायावर उभा राहिलेला माणूस, त्याला दुसरा ठोसा कशाला जोराचा लागतो. हे फ्रँकलाही माहीत नव्हतं. सराव करताना पोरं त्याला डोक्यावरच मारायची. हे माझ्या अंगठ्याला माहीत होतं आणि विचाईला. रोज मी दाबायचो, आणि दुसऱ्या हातानं गुडघा धरून ठेवायचो. महिनाभर. बसत आलं होतं. आणखी एक महिना मिळाला असता तर —

जाऊ दे.

आमच्या तालमीत एक रीत होती. मालिशवाल्याला पहिल्या दिवशी वस्ताद आखाड्यात उभा करायचे, हातात लाल माती द्यायचे आणि म्हणवून घ्यायचे: ज्याच्या अंगाला हात लावला, त्याचं अंग बाहेर बोलणार नाही. कुणाचा खांदा निखळलेला, कुणाची कंबर धरलेली, कुणाचं काय कच्चं — ते तेलाबरोबर धुऊन टाकायचं. चाळीस वर्षांत बायकोजवळसुद्धा बोललो नाही मी. एकदा समोरच्या पैलवानाची सांगलीची माणसं घरी आलेली, गूळ-शेंगा घेऊन, गोड बोलत. चहा पाजला आणि परत पाठवली.

मग तू आलास. डॉक्टर हेमचंद्रांचा मुलगा, आपला, इथे जन्मलेला. तुझं मराठी तुटकं आहे, मधेच अडतोस, पण ऐकतोस किती छान. मान हलवतोस. मग काय झालं, आजोबा? — असं विचारतोस. तीन वर्षांत मला कुणी मग काय झालं असं विचारलं नव्हतं. तीन दिवस येत होतास तू, याच रेडिएटरजवळ बसायचास. मी तुला तालीम सांगितली, वस्ताद सांगितले, बायको गेली त्या दिवसाचंसुद्धा सांगितलं. आणि मग गुडघ्याचं सांगितलं.

हो, विचारलं होतंस. लिहू का हे, म्हणालास. आणि मी लिही म्हणालो. ते मी नाकारत नाही. पण तू लढतीच्या आधी लिहिलंस. आणि नुसतं लिहून थांबला नाहीस — दीपानं वाचून दाखवलं मला, लढत झाल्यावर, आठवड्यानं. तिला शाळेसाठी जुने पेपर हवे होते, तर पान बारा तिच्या हाताला लागलं. नाना, यात तुमचंच नाव आहे, म्हणाली, आणि वाचत वाचत मराठीत सांगायला लागली, माझ्यासाठी, अडखळत. ज्याच्याशी लढत होती त्या केनोशाच्या पोराच्या ट्रेनरकडे तू गेलास, आणि त्याला विचारलंस, याचा गुडघा असा वर येतो म्हणे, तुमचं काय मत? आणि तो हसून काय म्हणाला तेही छापलंस. तो म्हणाला, बघू की आम्ही दाबून.

मान खाली नको घालूस. तुझं काम आहे ते, कळतं मला. प्रश्न विचारायचे, दोन्हीकडे विचारायचे. तुझ्या संपादकानं शाबासकी दिली असेल. पण मी तुला प्रश्न सांगितला नव्हता रे. मी तुला माणसाचं अंग सांगितलं होतं.

लढतीच्या दिवशी मी श्रीरंगबरोबर लांब वर बसलो होतो. पहिल्या फेरीत त्या पोरानं दोनदा तिथे मारलं, हलकेच. नुसतं चाचपल्यासारखं. दोन्ही वेळेला गुडघा वर आला. मी उभा राहिलो. मागचे लोक बसा बसा म्हणायला लागले. दुसऱ्या फेरीत तिसऱ्यांदा तिथे मारलं, पाय उचलला, आणि वरून जबड्यावर — मला इतक्या लांब ऐकू आलं. श्रीरंगला नाही आलं. मला आलं.

लांब का बसलो होतो? तू ते विचारणार हे माहीत होतं मला. चांगला ऐकतोस.

लढतीच्या आधी पंधरा दिवस फ्रँकनं सांगितलं, कोपऱ्यात आता नवीन माणूस उभा राहील, लॉस एंजेलिसचा, मोठा. म्हाताऱ्यानं घरून टीव्हीवर बघावं. माझ्यासमोर सांगितलं, विचाईसमोर. आणि विचाई? जमिनीकडे बघत राहिला. त्यांच्यात एक दोऱ्याचं कडं असतं, मंत्रलेलं, लढतीच्या आधी डोक्यावर घालतात. ते ज्याचं त्यानं घालायचं नसतं, वस्तादानं घालायचं आणि वस्तादानंच काढायचं. त्याचे वस्ताद तिकडे वारले, तेव्हापासून ते कडं मी घालायचो. चारही लढतींना. आणि त्या दिवशी तो जमिनीकडे बघत राहिला. मी घरी गेलो. जेवलो नाही. मला वाटलं, याचं अंग मी बांधलं, आणि आता कडं घालायला लॉस एंजेलिस. आणि दुसऱ्या दिवशी तू आलास, आणि गुडघ्याचं मी त्या दिवशी सांगितलं.

आधीचे दोन दिवस नाही सांगितलं. तिसऱ्या दिवशी सांगितलं.

हे बोलायचं नव्हतं मला. पण आता बोललो. बाहेर पडलं म्हणजे मला कळलं नव्हतं असं नाही ना. तोंडातून जाताना कळलं होतं. हातात माती घेऊन काय म्हणालो होतो ते तेव्हासुद्धा आठवलं होतं, आणि तरी सांगितलं — आणि सांगताना बरं वाटलं, विक्रम. तू दगा दिलास, हे खरं आहे, मी तीन आठवडे तेच घोकतोय. पण तुझ्या हातात दगड कुणी दिला.

आणि ते कडं? ते त्यानं लढतीच्या दिवशी घातलंच नाही. नव्या माणसाला हात लावू दिला नाही. कमरेच्या पट्ट्यात खोचून लढला. हॉस्पिटलात मी गेलो तर जबडा बांधलेला, डोळा सुजलेला, आणि त्यानं उशीखालून कडं काढून माझ्या हातात ठेवलं. मग खुणेनं विचारलं — बरगडीवर बोट ठेवलं, गुडघा हलवला, आणि हात असे उलटे केले. त्यांना कसं कळलं? मी तेव्हा नाही म्हणालो, माहीत नाही म्हणालो. तेव्हा मला खरंच पान बारा माहीत नव्हतं. पण एका आठवड्यानं कळलं ना. त्यालाही पंधरा दिवस झाले.

आता तो म्हणतो, म्हणजे खुणा करून दाखवतो, की फ्रँकनं विकलं त्याला. फ्रँकचं जिम सोडणार आहे पुढच्या आठवड्यात. फ्रँक बिचारा, तोंडाळ माणूस आहे, पण त्याला तो गुडघा अजून माहीत नाही. आणि मी रोज पेज आणतो, पाजतो, आणि फ्रँकचं नाव आलं की तेल लावत राहतो.

म्हणून तुला ये म्हणालो मी. मुलाखतीला नाही बोलावलं. हे घे, पान बारा, माझ्या कोटाच्या खिशात असतं. तो आला की तू वाच त्याला. बोलता येत नसलं तरी इंग्रजी ऐकून कळतं त्याला, बरंचसं. सावकाश वाच. तू लिहिलंस ते वाच, आणि माझं नाव येईल तिथे थांब, आणि माझ्याकडे बोट दाखव.

जिन्यावर वाजलं बघ. तोच आहे, डावा पाय आधी टाकतो नेहमी.

ये. ये रे विजय, बस — मी त्याला विजय म्हणतो, रागवत नाही तो. झोप असा, पालथा नको, जबडा सांभाळ. पेज आहे, नंतर. हा आपला विक्रम, पेपरवाला. बघ, हात जोडतोय तुला. त्या फोटोसाठी जोडतोय.

वाच ना.

विक्रम, वाच. तो वाट बघतोय.

काय झालं? कागद खाली का केलास? एवढं सगळं लिहिताना हात थांबला नाही, आणि आता — बरं. राहू दे. दे तो कागद इकडे, घडी मोडू नकोस. मला चार शब्द येतात इंग्रजीचे, मी, सांगितलं, गुडघा, मी. तेवढे पुरतील.

नाही, तू थांबायचं नाहीस. हे अंगाचं बोलणं आहे, बाहेरच्या माणसापुढे होत नाही. टोपी राहिली तुझी रेडिएटरवर. जाताना दार ओढून घे.