कवळीचं माप

—नाही नाही, बोलायचं नाही! तोंडात माप आहे सर, बोललात की हललं, आणि हललं की पुन्हा पहिल्यापासून. नाकाने श्वास घ्या. मान थोडी पुढे, हं, अशी. लाळ गळली तर गळू द्या, त्यासाठीच गळ्यात हा कागद बांधलाय — इथे भल्याभल्यांची गळते. डॉक्टर पलीकडच्या खोलीत गेलेत, त्या बाईंचं रक्त थांबत नाहीये, येतीलच. तोवर तोंडातला ट्रे मी बोटाने धरून ठेवते. पेशंट म्हणतात, ताई, तुम्ही बोलत राहा म्हणजे मळमळत नाही. म्हणून बोलायचं. नाहीतर मी तशी कमीच बोलते, विचारा कुणालाही.

तुम्ही ते इंग्रजी व्याकरणाचे सर ना? मान हलवू नका, माहितीये मला. पार्ट्स ऑफ स्पीच म्हटलं की लोक तुमचंच नाव घेतात. आमच्या शेजारची एक मुलगी येते तुमच्याकडे, पाचच्या बॅचला. फार कौतुक आहे तुमचं तिच्या घरी. फळ्यावर वाक्य लिहायचं, मग एकेकाने उठून खुणा करायच्या — नामाखाली एक रेघ, क्रियापदाखाली दोन, विशेषणाला गोल, क्रियाविशेषणाला चौकट — काय डोक्यात बसतं हो ते! एकदा बसलं की निघत नाही. आता ही मापाची पावडर बघा, पाण्यात कालवून तुमच्या तोंडात घातलीय ती. डब्यावर लिहिलंय, मिक्स क्विकली. रोज सकाळी डबा हातात घेतला की त्या ‘क्विकली’भोवती माझी चौकट तयार. आणि या खुर्चीत तर दिवसभर एकच जात ऐकू येते, केवलप्रयोगी — आई गं, अगं आई, मेलो मेलो. तेवढीच काय ती गंमत... काय? असं काय बघताय? शेजारच्या मुलीकडूनच ऐकलं हो मी. भिंतीला भिंत लागून आहे, ती पाठ करत असते, येतं कानावर.

हुशार आहे पोरगी. वाक्य टाका, घडाघडा सांगेल. पण तुमचा तो एक नियम आहे ना — बाहेर जायचं असेल तर उभं राहायचं, तुम्ही एक वाक्य देणार, त्यातल्या एकेका शब्दाची जात सांगायची, चुकलं तर खाली बसायचं. पूर्वी म्हणे एकच वाक्य असायचं, मुलांनी ते पाठ केलं, तेव्हापासून तुम्ही दर वेळी नवं देता. बरोबर आहे, पाठांतराला काय अर्थ. आणि मुलं उगाच उठत नाहीत, वर्ग कसा शांत राहतो. पण सर, पोटात कळ आलेली असताना कुणाला सुचतंय हो, शब्दयोगी अव्यय कुठलं आणि उभयान्वयी कुठलं? आपण मोठी माणसं, आपल्याला तरी सुचेल का? तर ती पोरगी काय करते माहितीये — पाणीच पीत नाही. क्लास असेल त्या दिवशी सकाळपासून थेंब नाही. सकाळी मी बाटली भरून देते, संध्याकाळी जशीच्या तशी परत, झाकणसुद्धा उघडलेलं नसतं...

मी नाही. तिची आई. तिची आई भरून देते.

जाऊ दे. माझीच आहे ती. माझीच लेक, बस झालं, मास्कच्या आड आहे म्हणून बोलतेय, नाहीतर तुमच्यासमोर माझी दातखीळ बसते. हलू नका, हललात तर माप बिघडेल. दोनदा ताप आला तिला, लघवीला जळजळ, दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या, अहो ही पाणी पीत नाही का? मूत्रपिंडावर जाईल म्हणाल्या, हसण्यावारी नेऊ नका. घरी येऊन यांना सांगितलं. हे म्हणाले, आजकालची पोरं नाजूक. सासूबाई म्हणाल्या, सवय होईल. क्लास सोडवू या म्हणून मी दातांच्या कण्या केल्या, तर हे असे बघायला लागले, जसं काही मी घर सोडायचं म्हणाले. कारण यांना तुम्ही माणसात आणलंत ना! तुमचा फोन आला की हे अजून उठून उभे राहतात, जेवत असले तरी. कचेरीतली खुर्ची सरांमुळे, चारचौघांतला मान सरांमुळे — आता मी काय सांगू त्यांना? पोरीला विचारलं, तू सांग ना बाबांना. ती म्हणते, आई, मी वाक्य जुळवते मनात, पण बाबा मध्येच विचारतात, यातलं क्रियापद कुठलं. लाडानेच विचारतात हो. पण ती घरात हल्ली हो आणि नाही, एवढंच बोलते.

आणि यांचा एक किस्सा आहे. पाहुणे आले की ठरलेला. सरांचा दरारा म्हणजे काय — आमच्या वेळी खालच्या वर्गातली एक मुलगी बाहेर जायला उभी राहिली, एका शब्दावर अडली, आणि तिथेच, भर वर्गात! मग सगळे हसतात. हे सांगतात पण छान, हातवारे करून. त्या वेळी हे वरच्या वर्गात होते, यांनी पाहिलं नव्हतं काही, नुसतं ऐकलेलं. मीही हसते. कितीतरी वर्षं हसतेय, हसत हसत ताटं उचलते.

द लिटल गर्ल रॅन क्विकली टु हर मदर. आठवतंय? तुम्हाला कशाला आठवेल, रोज नवं वाक्य. लिटल, विशेषण. गर्ल, नाम. रॅन, क्रियापद. आणि पुढे क्विकली. येत होतं हो मला! चौकट दिसत होती डोळ्यांपुढे, तोंडातून शब्द फुटेना. गुडघ्याला गुडघा लावून उभी होते. मग पायावरून ओघळलं ते थेट चपलेत. तुम्ही रागावलात नाही, हे मी कुणालाही सांगेन, आवाजसुद्धा चढवला नाहीत. एवढंच म्हणालात, वाक्य पूर्ण कर. आणि मी केलं, सर. क्विकली, क्रियाविशेषण. टु, शब्दयोगी. हर, सर्वनाम. मदर, नाम. सगळं बरोबर. मग म्हणालात, बघ, येत होतं की नाही. आमच्या लग्नात तुम्ही आशीर्वाद द्यायला आलात तेव्हा मी मान वर केलीच नाही, लोक म्हणाले नवरी लाजली. यांना आजवर ठाऊक नाही ती मुलगी कोण ते. कुठल्या तोंडाने सांगू? परवा पुन्हा तो किस्सा झाला, या वेळी लेक पानावर होती. ती हसली नाही. तिने पेला हळूच बाजूला सरकवला, आणि माझ्याकडे बघत राहिली. तिला कळलंय, सर. मी कधी सांगितलं नाही, पण तिला कळलंय.

रडत नाहीये मी. पावडर उडते डोळ्यांत.

आता खरं सांगू? माप केव्हाच घट्ट झालंय. याला काय वेळ लागतो, चटकन धरतं ते, डॉक्टर बाहेर गेले तेवढ्यातच झालं होतं. मीच बोट काढलं नाही. तुम्ही गप्प आहात आणि मी बोलतेय, असं पुन्हा कधी व्हायचं? बाहेर हे आहेत, तुम्हाला स्कूटरवरून घेऊन आलेत, मोठ्या अभिमानाने मासिक चाळत बसलेत. तुम्ही बाहेर गेलात की एक शब्द बोलाल, तुमची बायको आज वाटेल ते बोलली, आणि माझं घरात काय होईल ते मला माहितीये. तरी बोलले. मला तुमच्याकडून माफी नको, काही नको. एवढंच — आज पाचच्या बॅचला ती बाहेर जायला उभी राहील, तेव्हा तिला नुसतं ‘जा’ म्हणा. सगळ्यांनाच म्हणा. मान हलवा फक्त, हो की नाही. हलवा, आता हललं तरी चालेल.

सर? नुसते डोळे काय मिटताय? ... हात का असा आवळलाय खुर्चीला? आणि पाय — गुडघ्याला गुडघा...

अगोबाई. सर, तुम्हाला जायचंय? केव्हापासून? मघापासून तुम्ही ते सांगत होतात, आणि मी म्हणत होते, हलू नका, हलू नका.

थांबा. मोठा आ करा. हं — निघालं. बघा किती स्वच्छ आलंय, एकेक रेघ उमटलीय. नाही, आता बोलू नका, बोलण्यात वेळ घालवू नका. हात द्या माझ्या हातात. सावकाश उठा, चक्कर येईल. तोंड नंतर पुसू. मनात आलं होतं, एक वाक्य द्यावं तुम्हाला, खोटं कशाला बोलू, ओठांवर आलं होतं.

डावीकडे दार आहे. कडी नाही, नुसतं ढकला. इथे कुणाला विचारावं लागत नाही.

आणि सर — आज ती पाणी पिऊन येणार आहे. माझ्यासमोर बसवून मी दोन पेले पाजणार आहे तिला. जा आता, जा.