शैलावैनी गोळ्या घेत होत्या

शैलावैनींच्या शोकसभेला जमलेल्या सगळ्या मंडळींनो, बोलताना चुकलं तर सांभाळून घ्या. सांगलीच्या दवाखान्यात नर्स म्हणून मी कितीजणांना वाईट बातमी दिलीय. आज आपल्याच घरच्या माणसाबद्दल बोलायचं, तर तोंड उघडत नाही.

शैलावैनी हार्टफेलनं गेल्या, असं तुम्हांला सांगितलं. ते खोटं आहे. माझ्या दादानं, त्यांच्या नवऱ्यानं, बोल म्हणून सांगितलं, म्हणून बोलते. वैनी गोळ्यांनी गेल्या.

कडेगावातल्या निम्म्या बायकांची झंपरं त्यांनी शिवली. चार वर्षांपूर्वी स्कूटीवरून पडल्या, मणक्याचं ऑपरेशन झालं. दुखण्यावर गोळ्या दिल्या. दुखणं थांबलं. गोळ्या थांबल्या नाहीत. आणि ती पाकिटं सांगलीहून कोण आणून देत होतं? मीच. औषधच तर आहे, असं म्हणत.

एकदा मशीनवर बसल्या बसल्या त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, "वन्सं, पाठ आता दुखत न्हाई. पर गोळी न्हाई घेतली की अंगाला कापरं सुटतंय. मला कुठंतरी दाखवा." मी काय म्हणाले? "मन घट्ट करा, वैनी." साखरेच्या रोग्याला आपण असं सांगतो का?

वर्ष गेलं. मग त्यांना व्यसनमुक्ती केंद्रात नेलं. डॉक्टरांनी गोळ्या हळूहळू उतरवल्या. दर गुरुवारी कराडला बैठक असायची, त्यांच्यासारख्याच माणसांची. वैनी पुन्हा हसायला लागल्या.

मग गावात कुजबूज सुरू झाली. "दर गुरवारी कुठं जाती गं ही?" आई, तू म्हणालीस, "बरी झाली की आता, कशाला जायचं?" मी ऐकलं. मी गप्प बसले. वैनींचं बैठकीला जाणं सुटलं. महिन्याभरात गोळी परत आली. पूर्वी घ्यायच्या तेवढ्याच त्यांनी घेतल्या. शरीराची सवय मोडली होती, त्याला त्या सोसल्या नाहीत. भर दुपारी श्वास थांबला. शेजारच्या खोलीत आम्ही टीव्ही बघत होतो.

काल मशीनचा खण आवरताना एक चिठ्ठी सापडली. "शैला, माझ्या संपल्या. चार दे. घरात सांगू नको." नाव नाही. पण अक्षर मी ओळखलं. त्या बाई आत्ता इथं बसल्यात. मी त्यांच्याकडं बघणार नाही.

आणखी एक. वैनी गेल्या त्या दिवशी खणात दोन भरलेली पाकिटं मी या डोळ्यांनी बघितली. काल ती तिथं नव्हती.

बाई, मी कुणाला नाव सांगणार नाही. तुम्ही वाईट नाही, आजारी आहात. आज एकट्या राहू नका. डॉक्टरांकडं मी बरोबर येते. सभा संपल्यावर माझ्याकडं आला नाहीत, तर मी तुमच्या दारात येईन.

वैनी, तुम्ही मदत मागितलीत तेव्हा मी उठले नाही. तुम्हांला हात जोडते.

आता सगळे उभे राहू या. दोन मिनिटं शांत. माना खाली घाला. कुणीही कुणाकडं बघू नका.