आबांची टोपी आणि इस्त्री

आमच्या वडिलांना, म्हणजे आबांना, टोपी द्यायची म्हणजे काय ताप असतो ते मला विचारा. आजारपणातल्या औषधांनी त्यांचे सगळे केस गेले. डॉक्टर म्हणाले, डोक्याला आणि कपाळाला ऊन लागू देऊ नका. मी जळगावात पाच दुकानं हिंडून तपकिरी सुती टोपी घेतली, चपटी, पुढे छोटा छज्जा असलेली. एरंडोलला नेऊन बजावलं, "आबा, ही हातानं धुवायची, इस्त्री अजिबात नाही."

पंधरा दिवसांनी गेलो, तर टोपी पापडासारखी ताठ! आबांनी ती खळ घालून लाँड्रीत कडक करून आणली होती. इस्त्रीखाली छज्जा मधोमध मोडला होता.

"सांगितलेलं ऐकायचंच नाही का तुम्हाला?" मी वैतागलो. "ही मऊच असते. पुढून जरा खाली ओढून घालायची. कडक करायची काय गरज होती?"

आईनं डोळ्यांनी खुणावलं, तरी मी बोलतच राहिलो. शेवटी आबा हळूच म्हणाले, "ढिली टोपी वारावर उडी जास रे भाऊ. त्या दिन पारवर उडनी. बठ्ठा लोके हसनात." त्यांचं केस गेलेलं डोकं उघडं पडलं, म्हणून पारावरचे सगळे हसले होते.

मी दुसऱ्याच दिवशी तशीच नवी टोपी घेतली आणि शिंप्याकडून आतून इलॅस्टिक लावून घेतलं. आबांनी ती घातली, मान दोनदा जोरात हलवून पाहिली, आणि चपला घालून पाराकडे निघाले.