साडेसहाला बंद राहणारी गिरणी

आमचं तेलगाव, पिठाची गिरणी बापाची, ती माझ्याकडं आली, पन रेडिओचा नाद माझा मीच लावून घेतला, आमच्या घरात असलं खूळ कुनाला नव्हतं. लोक रेडिओवर गाणे ऐकायचे, मी कडुनिंबापोतर तांब्याची तार ताणून लांबचे मुलूख धुंडायचो. भाषा कुठं कळती, पन खरखरीच्या मागून समुद्रापलीकडचं मानूस बोलतंय, एवढ्यानंच लई हरिक वाटायचा. काय ऐकलं, किती वाजता, ते लिहून त्या स्टेशनला धाडायचं, खरं निघालं की तिकडून कार्ड यायचं. पन स्टेशनचं नाव आपल्या कानानं ऐकल्याबिगर लिहायचं न्हाई, हा ह्या नादातला कायदाच हाय.

आता काय सांगू तुमाला, गिरणीची मोटर चालू असली की रेडिओत नुसती लाह्या फुटल्यावानी तडतड. रेडिओ सेलवरचा, म्हनून मी लाईट जायची वाट बघायचो. लाईट गेली की खूश होनारा गिरणीवाला तुमी बघितला नसंल. बायको म्हनायची, ह्यांना एकदा दवाखान्यात दाखवा.

इंडोनेशियाच्या एका बेटावरचं बारकं स्टेशन दोन वर्सं मला हूल देत व्हतं. तिकडं तास भरला की आपल्याकडं साडेपाच, साडेसहा असं वाजतं, आन् नाव ते तवाच सांगायचे. एक दिवस लाईट दुपारपासून गेलती, आन् स्टेशन लागलं, शेजारच्या घरातून बोलल्यावानी. साडेसहाला दोन मिनिटं कमी आन् लाईट आली. दारात बाया डबे घेऊन हुब्या, पुढं आमच्या गल्लीतली गऊबाई, तोंडानं लई फटकळ. मी हात जोडले, म्हनलो दोन मिनिटं थांबा. ती म्हनली, कावून रे, घरी लेकरं उपाशी हायत, तुझं बेट काय पळून चाललंय का. लेकरांचं नाव निघालं, मी मोटरचा खटका दाबला. जवारी दळता दळता डोळ्याला पानी आलं, पीठ गेलं म्हनून सांगितलं.

गऊबाईनं वळखलं. दुसऱ्या दिवशी सव्वासहालाच आली, डबा ठिवला आन् खटक्याला पाठ लावून हुबी राहिली. जी यील तिला, बस गं मुकाट्यानं. लाईट असून गिरणी बंद, गाव हसलं, पन ही रोज हजर. आठ-दहा दिवसांनी खरखर बाजूला सरली आन् तिकडच्या एका बाईनं सावकाश नाव सांगितलं. मी वहीवर नाव आन् टाइम लिहून घेतला. गऊबाई म्हनली, झालं का, मग दळ आता.

शाळेतल्या गुरुजींकडून इंग्रजीत कागद लिहून घेतला, त्यात हे बी घातलं का ऐकताना अकरा बाया डबे घेऊन गप बसलत्या. पाचेक महिन्यांनी कार्ड आलं, गुरुजींनी गिरणीतच वाचलं. खाली पेनानं लिहिलतं, त्या अकरा बायांना आमचा नमस्कार. गऊबाईनं डोक्यावर पदर घेतला, पाव्हनं दारात आल्यावानी.

ते स्टेशन कवाच बंद पडलं. कार्ड भिंतीवर हाय, काचेवरचं पीठ रोज पुसतो. गऊबाईला आता दिसत न्हाई, तिची सून डबा आनती, आन् ही संध्याकाळी गिरणीच्या ओट्यावर येऊन बसती. साडेसहाला मी मोटर बंद करतो, रेडिओ लावतो, नुसती खरखर. नव्या पोरी इचारत्यात, कावून थांबायचं. ही ओट्यावरनं वरडती, बसा मुकाट्यानं, त्याला ऐकू द्या. देव तिला लई आयुष्य देवो. स्टेशन बंद पडलं हे मी तिला अजून सांगितलं न्हाई.