टाळूच्या खुर्चीतलं पहिलं गिऱ्हाईक

माझे सासरे एकदा लेडीज पार्लरमध्ये येऊन बसले होते, ते सांगितलं का तुम्हाला?

बारामतीत बारा वर्षं बायकांचे केस कापल्यावर मी पुण्याला जाऊन केस आणि टाळू तपासायचा कोर्स केला. परत येऊन पार्लरमध्ये टाळू मोठी करून दाखवणारा कॅमेरा आणि स्क्रीन लावली. पण पंधरा दिवस एकही बाई त्या कॅमेऱ्यासमोरच्या खुर्चीत बसेना. कोंडा, उवा चारचौघींत दिसतील याची लाज. मला तर वाटायला लागलं, उगीच शिकले. फोनवर सासूबाईंना तसं बोललेही.

एका दुपारी पणदऱ्याहून सासरे आले. "बायांनो, येऊ का आत?" म्हणाले आणि थेट त्याच खुर्चीत बसले. सुनेसमोर कधी टोपी न काढलेल्या माणसानं टोपी मांडीवर ठेवली. खाली लख्ख टक्कल!

"आबा, अहो, केस कुठं हायेत?"

"केस न्हाईत, पण टाळू चिकार हाय. बघ की!"

बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. मी कॅमेरा फिरवला.

"आबा, रानात टोपी काढून काम करता व्हय? टाळू भाजलीय."

"ऐका! म्हातारीला इतक्या वर्षांत कळलं न्हाय, हिला लगेच कळलं."

तेवढ्यात कोपऱ्यातल्या एका बाईनं हळूच अंबाडा सोडला. मागं रुपयाएवढ्या जागेचे केस जाऊन चाई पडली होती.

"ताई, मी अजून नवऱ्यालाबी दाखवलं न्हाय."

आबा तडक उठले. "चला, आता हितं गडीमाणसाचं काय काम?"