पादुआला नेलेला बाजा

"हॅलो?… हॅलो, जेरार्दो?… अरे मी. आई.… नाही रे, कुणाला काही झालेलं नाही. बाबाही ठीक आहेत, इथेच समोर बसलेत.… हो, ठाऊक आहे मला. नाताळ नाही, ईस्टर नाही, साधा मंगळवार आहे. तुझी जेवणाची सुट्टी असेल म्हणून आत्ता केला.… पाचच मिनिटं. ठेवू नकोस."

अस्सुंताने फोन डाव्या कानावरून उजव्या कानावर घेतला. या कानाने तिला जरा बरं ऐकू यायचं. ती चर्चच्या भिंतीला टेकून सावलीत उभी होती आणि दहा पावलांवरच्या दगडी बाकावर कानिओ बसला होता, मांडीवर काळी पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. हात थरथरत होते, म्हणून पिशवीही थरथरत होती.

"कुठून म्हणजे… तेच सांगते. पादुआहून.… अरे पादुआ! संत अंतोनींच्या इथून.… दोघंच. काल संध्याकाळी गावातून बस धरली, आज सकाळी उतरलो.… वेड कशाला लागेल? एकाहत्तराव्या वर्षी माणसाने पहिल्यांदा पादुआ बघू नये असं कुठे लिहिलंय?… शहर ना, छान आहे रे. रस्त्यांच्या कडेने सगळीकडे कमानी, ऊन म्हणून लागत नाही. पण एक कमान दुसरीसारखी. आम्ही फिरून फिरून दोनदा त्याच बेकरीपाशी आलो. दुसऱ्या वेळी ती बाई म्हणते, 'आजी, आता तरी काहीतरी घ्या.'… घेतले. दोन पाव. आतून पोकळ. आपल्याकडे असा पाव कुणी कोंबड्यांना घालणार नाही."

"…नाही, मी हट्ट केला नाही. ऐक ना. हेच म्हणाले.… बाबाच! जानेवारीत एक दिवस जेवता जेवता म्हणाले, 'अस्सुंता, पादुआला जाऊ.' चाळीस वर्षं मी म्हणत होते, तेव्हा म्हणायचे, संताला आपला पत्ता ठाऊक आहे, त्याला यायचं तर येईल. आणि आता आपण होऊन.… हात? हो, तेच. वाढलंय. डॉक्टर म्हणाले, आता हे वाढतच जाणार. शर्टाची बटणं मी लावते.… तू विचारलंस म्हणून सांगितलं.… नाही विचारलंस? बरं. मग मीच सांगितलं."

पलीकडे कसलंसं यंत्र घरघरत होतं आणि मग दार लावल्यासारखा आवाज होऊन ते थांबलं. मुलगा बाहेर आला असावा. अस्सुंताने पदरी असलेलं सगळं बळ गोळा केलं.

"जेरार्दो, तुझ्या लग्नाचं बोलायचंय.… ठेवू नकोस. ठेवू नकोस, बाळा. तुला तुझ्या लेकीची, लेनाची शप्पथ… नाही, शप्पथ नको. आज शप्पथ नको. नुसतं ऐक."

"…हो. आठवतं. सगळं आठवतं मला. चौकात टेबलं मांडलेली, सगळं गाव उभं. बिर्गिट बाबांपुढे आली, आपल्या भाषेतले चार शब्द पाठ करून आली होती बिचारी. 'बाबा, एकच गाणं वाजवा.' वाजवणं कधीचंच सोडलेलं असलं तरी पोराच्या लग्नात एकदा वाजवतील असं सगळ्यांना वाटत होतं, आणि हे मांडीवर हात ठेवून बसून राहिले.… हो रे, रडली ती. पाहिलं मी.… आणि तू काय म्हणालास, तेही आठवतं. जर्मन सून, परक्या चर्चची सून, म्हणून तिच्यासाठी वाजवत नाहीत. भर चौकात म्हणालास. आणि बारा वर्षं उंबरा चढला नाहीस. माझी नात दहा वर्षांची झाली, मी तिला फोटोतच मोठी होताना पाहिली.… नाही, दोष देत नाही. कसा देऊ? मलाही तेच वाटत होतं. आज सकाळपर्यंत मलाही तेच वाटत होतं, जेरार्दो."

एक कबुतर चालत चालत कानिओच्या बुटापर्यंत आलं. त्याने पाय हलवला नाही.

"तू तीन वर्षांचा होतास, तुला मेंदूचा ताप आला होता.… हो, तपकिरी झगा. तो सगळ्यांना ठाऊक आहे. मी नवस बोलले होते, पोर वाचलं तर वर्षभर त्याला संतांसारखा झगा घालीन. घातला. मुलं तुला 'छोटे फादर' म्हणून चिडवायची, आणि तू झग्याच्या बाह्यांत दगड भरून त्यांच्या मागे धावायचास.… हसलास? हसलास तू. ऐकलं मी."

तिचाही ओठ हलला, पण ते हसू फार टिकलं नाही.

"तो माझा नवस. बाबांचाही एक होता.… नाही. मला माहीत नव्हतं. कुणालाच नाही. आज सकाळी कळलं. सांगते, मधे बोलू नकोस, नाहीतर मला जमायचं नाही."

"सकाळी रांगेत उभे राहिलो. संतांच्या कबरीला मागच्या बाजूने हिरवा दगड आहे, लोक त्यावर पंजा टेकवतात आणि मनातलं सांगतात. बाजूला फोटोच फोटो. बाळांचे, मोडक्या गाड्यांचे. मी हात टेकवला. मागे वळून बघते तर हे नाहीत! बसमध्ये रात्रभर ती काळी पिशवी मला धरू देत नव्हते, मला वाटलं, फादरांसाठी घरचं चीज आणलंय. शोधत गेले. तर आशीर्वाद देतात ना, त्या खोलीत उभे. टेबलावर पिशवी. पिशवीतून काढला बाजा.… तोच रे. त्यांचं छोटं ॲकॉर्डियन. दुसरं कुठलं असणार? चाळीस वर्षं माळ्यावर पडलेलं, मी त्यावर कांद्याच्या माळा टाकायची! जानेवारीपासून कोठारात बसून भात्याला कातडं चिकटवत होते, मला म्हणाले खुर्ची दुरुस्त करतोय.… अरे, तेच तर मी नंतर विचारलं. इथे ठेवून जायचा होता तर दुरुस्त कशाला केला? म्हणाले, 'संताला मोडकी वस्तू देऊ?'"

"…हो. ठेवून जायला आणला होता. फादर तरुण होते, तुझ्याहूनही लहान. त्यांनी विचारलं, 'का, बाबा?' आणि हे सांगायला लागले. मी पाठीमागे उभी. मी आहे हे त्यांना माहीतच नव्हतं. म्हणाले, मुलगा तापात होता, तेव्हा मी शब्द दिला, हा वाचला तर मी पुन्हा बाजाला हात लावणार नाही. कुणासाठीही नाही. मरेपर्यंत नाही. आणि आता बोटंच चालत नाहीत. न वाजवण्यात आता माझा काही त्याग राहिला नाही. म्हणून बाजाच घेऊन आलोय."

अस्सुंताने फोन कानाशी आणखी घट्ट धरला.

"आहेस ना?… हं.… कसं सांगणार रे? तू आमच्या गावचाच ना? गुपचूप बोललेला नवस तोंडातून बाहेर पडला की संत दिलेलं परत घेतो, हे तुला कुणी लहानपणी सांगितलं नाही? तुझ्या आजीने मला सांगितलं, तिला तिच्या आजीने. लग्नात उठून सांगितलं असतं, तर त्यांच्या लेखी तुला काही झालं असतं.… हो, तीस वर्षांचा घोडा झालास तरी! बापाला वय कळतं का? तू त्यांच्या तोंडावर बोलत होतास, आणि ते तुझ्या जिवासाठी तोंड मिटून बसले होते.… मूर्खपणा म्हण. म्हण हवं तर. फादरही जवळजवळ तेच म्हणाले, पण गोड शब्दांत. म्हणाले, 'बाबा, मुलगा आज किती वर्षांचा?' 'त्रेचाळीस.' 'मग संतांनी ऐकलं. संत दिलेलं मूल परत मागत नाहीत. मी तुम्हाला या शब्दातून मोकळं करतो.' डोक्यावर हात ठेवला. आणि बाजा पिशवीत घालून परत यांच्या हातात दिला. 'ज्याच्यासाठी वाजवायचं राहिलंय त्याच्यासाठी वाजवा,' म्हणाले, 'बोटं आहेत तोवर.'"

"…थांब. अजून एक आहे. हे सगळ्यात अवघड."

तिने भिंतीकडे तोंड केलं. एवढ्या मोठ्या चौकात तिला ओळखणारं कुणी नव्हतं, तरीही.

"तो शब्द त्यांनी का दिला, ते फादरांना त्यांनी नाही सांगितलं. मला ठाऊक आहे. तुला झटके यायला लागले तेव्हा ते पलीकडच्या गावात लग्नात वाजवायला गेले होते. मी शेजाऱ्याच्या गाडीत घालून तुला दवाखान्यात नेलं, एकटीने. निरोप त्यांना उशिरा मिळाला. धावत आले ते तसेच, खांद्यावर बाजा. आणि मी… मी सगळ्या नर्सांसमोर म्हणाले, 'पोर मरत होतं आणि तुम्ही वाजवत होतात.'"

"…हो. मी म्हणाले.… भीतीने म्हणाले, रागाने म्हणाले, काय फरक पडतो? तू बरा झालास, मी विसरून गेले. पुन्हा कधी मनातही आलं नाही. ते नाही विसरले. मी चाळीस वर्षं संतांचे मंगळवार धरते, तेरा तेरा मंगळवार, मेणबत्ती चुकवत नाही, बायका म्हणतात अस्सुंतासारखी अस्सुंताच. आणि माझ्याच पलंगाच्या दुसऱ्या कडेला हा माणूस रोज उपास धरून झोपत होता, माझ्या एका वाक्यापायी. मी सगळ्या गावाला दाखवून नवस केला. त्यांनी कुणाला दिसू दिला नाही.… नको, मला समजावू नकोस. ते मी संतांशी बघेन. तुला एवढंच सांगायचं होतं की तुझी बायको परकी म्हणून नव्हे. बिर्गिटला सांग. आजच सांग. जमेल तसं सांग."

"…मागायचंय काय? काही नाही. ये असंही म्हणत नाही.… अरे, त्यांना फोन देऊ कसा? बारा वर्षं तुझं नाव या फोनवर उजळलं की ते उठून अंगणात जातात. आत्ताही बघतायत दुसरीकडेच.… थांब, थांब. पिशवी उघडतायत. जेरार्दो, पिशवी उघडतायत ते.… मी नाही सांगितलं! मी काहीच नाही बोलले. बोलू नकोस आता. मी जवळ जाते. फोन पुढे धरते. नुसतं ऐक, बाळा. ऐक."

ती दहा पावलं चालून गेली आणि फोन बाकाजवळ धरून उभी राहिली. कानिओने पट्टा खांद्यावर चढवला. भाता उघडला तेव्हा नव्या कातड्याने करकर केली. पहिला सूर आला तो चुकीचा आला. त्याने थांबून बोटाकडे पाहिलं, चालायला नकार देणाऱ्या खेचराकडे बघावं तसं, आणि पुन्हा सुरुवात केली. नवरीला माहेरच्या दारातून बाहेर आणताना वाजवतात ती चाल होती. दोन बोटं ऐकत नव्हती. जिथे ती अडायची तिथे तो मागे जायचा आणि तोच तुकडा परत घ्यायचा. पूर्वी ही चाल तो पाय आपटत वाजवायचा, पोरी धावत यायच्या. आता ती इतकी सावकाश चालली होती की नवरीला उंबऱ्यापासून अंगणापर्यंत यायला सगळी दुपार लागली असती. पिशवी घेऊन चाललेली एक बाई थांबली आणि उभीच राहिली. अस्सुंताचा हात भरून आला, तरी तिने फोन खाली केला नाही.

चाल संपली. भाता मिटला. तिने फोन कानाला लावला.

"जेरार्दो?… हॅलो?… हॅलो?"

तिने फोन डोळ्यांजवळ नेला. काच काळी होती.

"ऐकलं का त्याने?" कानिओने विचारलं. त्याने वर पाहिलं नव्हतं.

हो म्हणणं सोपं होतं. संतांच्या चर्चसमोर उभं राहून, मंगळवारी, चाळीस वर्षांनंतर, अस्सुंताला तेवढं एक सोपं खोटंही जमलं नाही.

"माहीत नाही. मधेच तुटला."

"कुठे?"

"तेही माहीत नाही, अहो."

कानिओने मान हलवली. तो भात्याचा पट्टा लावू लागला. बटण भोकात जाईना. ती त्याच्यापुढे वाकली आणि शर्टाचं लावते तसं तिने ते लावून दिलं. अजून ती वाकलेलीच होती तेव्हा तिच्या हातातला फोन वाजला.

काचेवर नाव उजळलं. कानिओने ते पाहिलं. सवयीने त्याने उठण्यासाठी बाकाच्या कडेवर हात टेकवला. पण इथे अंगण नव्हतं. अस्सुंताने फोन दोन्ही हातांवर ठेवून त्याच्यापुढे धरला.

त्याने तळवा पँटला पुसला आणि फोन घेतला. तो कानाशी थरथरत होता, म्हणून त्याने दुसऱ्या हातानेही धरला.

"हॅलो?" कानिओ म्हणाला.

"…हो."

"…हो रे. मीच वाजवत होतो."